पायदळातच कायले?

पहाटे साडेचार वाजता कामठी रोडवर ट्रक आणि कुत्री यांच्याखेरीज कोणी असेल, असं मला पूर्वी कधी वाटलं नव्हतं. शाळेतल्या नोकरीत असताना त्या वेळी माझी गाढ झोप चाललेली असे. निवृत्त झाले आणि झोपच उडाली. मग गॅलरीत खुर्ची टाकून बसायची सवय लागली, आणि एक वेगळंच नागपूर दिसू लागलं. मेट्रोच्या खांबांखालून पाच-सहाच्या टोळीनं पोरं धावत येतात. एखाद्याच्या पायात धड बूट, एखाद्याच्या पायात फाटका कॅनव्हास, आणि एखादा तर बूट हातात घेऊन अनवाणी. इंदोरा चौकातला चहावाला त्यांना ‘भरतीवाले पोट्टे’ म्हणतो. त्यांच्याकडून तो अर्ध्या चहाचे पैसे घेतो आणि कप मात्र भरून देतो.

या टोळीत आमच्याही घरचा एक मुलगा आहे, हे कळायला मला चक्क दोन महिने लागले!

माझा भाचा, म्हणजे धाकट्या भावाचा मुलगा, शिकायला माझ्याकडे राहतो. वय एकोणीस, बी.एस्सी.चं दुसरं वर्ष. भावाची काटोल तालुक्यात संत्र्याची बाग आहे. मोठी नाही, पण आजवर घर चाललं ते तिच्यावरच. ‘पोरगा ट्रेकिंगला जातो, मॉर्निंग वॉकला जातो’ अशी माझी भाबडी समजूत होती. एके दिवशी भावाचा फोन आला. आवाज चढलेला.

‘‘ताई, तुले मालूम होतं काय? थो मिलिट्रीचा पेपर पास झाला म्हणते. साधा शिपाई! लोकाइची पोरं इंजिनिअर होऊन पुण्याले जाऊन राह्यली अन् हा बंदूक घेऊन खड्ड्यात बसाले निघाला. तू समजावून सांग त्याले. तुहं ऐकते थो.’’

समजावून सांगणं हा माझा तीस वर्षांचा धंदा. इतिहास शिकवत होते मी. तेव्हा हे काम आपल्याला सहज जमेल असं वाटलं. पण समजावण्याआधी समजून घ्यावं लागतं, एवढं भान शिक्षकाला असावं. म्हणून रात्री ताट वाढताना मी सरळ विचारलं, ‘‘का रे बाबा? सैन्यातच जायचं तर अधिकारी हो. तांत्रिक शाखा आहेत, हवाई दल आहे, इथं वायुसेनानगर हाकेच्या अंतरावर आहे. पायदळातच कायले?’’

‘‘देशसेवा करायची आहे, आत्या,’’ तो म्हणाला. इतक्या तयारीनं म्हणाला की हे उत्तर पाठ केलेलं आहे, हे पेपर तपासून डोळे गेलेल्या मला लगेच ओळखू आलं.

मी काही बोलले नाही. दुसऱ्या दिवशी त्यानं आपणहून दुसरं उत्तर दिलं. ते पैशाचं होतं. अग्निपथ योजना जून २०२२ मध्ये जाहीर झाली, तिचे सगळे आकडे त्याला तोंडपाठ. पहिल्या वर्षी महिना तीस हजार, चौथ्या वर्षी चाळीस. त्यातले तीस टक्के निधीत जमा होणार, सरकार तेवढीच भर घालणार, आणि चार वर्षांनी हातात साधारण अकरा लाख एकाहत्तर हजार रुपये येणार. मी म्हटलं, ‘‘आणि पाचव्या वर्षी?’’ शंभरातले जास्तीत जास्त पंचवीस पुढं नोकरीत राहणार. उरलेल्यांना पेन्शन नाही आणि माजी सैनिकाचा दर्जाही नाही. तेविसाव्या-चोविसाव्या वर्षी परत काटोलच्या एसटी स्टँडवर. हे त्यालाही ठाऊक होतं. ‘‘बघू तेव्हाचं तेव्हा,’’ म्हणून तो झोपायला गेला.

ही योजना मला पटत नाही, हे इथं लपवत नाही. शिपाई घडायला वेळ लागतो आणि घडलेल्या शिपायाला वाऱ्यावर सोडणं बरं नव्हे, असं मला वाटतं. पण योजना पटत नाही म्हणून पोराचं उत्तर खोटं ठरत नाही. चार वर्षं दर महिन्याला ठरल्या तारखेला येणारा पगार काय असतो, हे बागाईतदाराच्या पोरालाच कळावं.

आपल्या मध्यमवर्गीय घरांतून सैनिकाबद्दल दोनच चित्रं असतात. एक १९९७ सालच्या ‘बॉर्डर’ सिनेमातलं, दुसरं तिरंग्यात गुंडाळलेल्या पेटीचं. पहिल्या चित्राला आपण टाळ्या वाजवतो, दुसऱ्यापुढं मान खाली घालतो, आणि दोन्ही वेळी मनात म्हणतो, आपल्या घरातला नको. मीही तशीच. १९९९ च्या कारगिल युद्धाच्या वेळी आमच्या वर्गानं जवानांना राख्या पाठवल्या होत्या. चाळीस मुली, चाळीस राख्या. त्यांतल्या एकीलाही मी विचारलं नव्हतं की तुमच्यापैकी कोणाचा भाऊ तिकडं आहे का.

मग एक दिवस कामठीला गेले. नागपूरपासून पंधरा-सोळा किलोमीटर. कन्हान नदीकाठी इंग्रजांनी १८२१ साली इथं छावणी वसवली. १८१७ च्या नोव्हेंबरात सीताबर्डीवर आप्पासाहेब भोसल्यांच्या फौजेचा पाडाव झाला होता, त्यानंतरची ही गोष्ट. ‘कॅम्प’वरून कामठी नाव पडलं, असं सांगणारे तिथं हमखास भेटतात. आज तिथं ब्रिगेड ऑफ द गार्ड्स या पायदळाच्या रेजिमेंटचं केंद्र आहे. माझ्या एका विद्यार्थिनीचे सासरे निवृत्त सुभेदार. ते कामठीतच स्थायिक झालेले. भाच्याला पायदळातून परतवायचं तर पायदळातलाच माणूस गाठावा, असा माझा डाव होता.

सुभेदार साहेब सत्तरीचे. अंगणात तुळस, दारात सायकल. घरात भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो, आणि त्याखाली गणवेशातल्या एका काटकुळ्या तरुणाचा फिकट झालेला फोटो. मला वाटलं, तरुणपणीचे सुभेदारच असतील. ते म्हणाले, ‘‘नाही बाई, थो माहा बाप. बेचाळीसचा भरती.’’

इथं मला थांबून थोडा इतिहास सांगितला पाहिजे. जुनी खोड आहे, वाचकांनी सांभाळून घ्यावं.

कंपनी सरकारच्या मुंबई फौजेत महार शिपाई मोठ्या संख्येनं होते. पुढं १८९० नंतरच्या काळात इंग्रजांनी ‘लढवय्या जाती’ नावाचं एक शास्त्र काढलं. अमुक जाती जन्मानं शूर, तमुक नाहीत. या शास्त्राच्या आधारानं महारांची भरती बंद झाली. बंद झाली म्हणजे नुसती नोकरी गेली असं नव्हे. लष्करात शिपायांच्या मुलांना शाळा होती. बाबासाहेबांचे वडील रामजी सकपाळ सुभेदार होते आणि लष्करी शाळेत मुख्याध्यापक होते. बाबासाहेबांचा जन्मच १८९१ साली महूच्या छावणीतला. गावात ज्याला शाळेच्या पायरीवर बसू देत नसत, त्याच्या हातात छावणीत पाटी येत होती. ती वाट बुजली. पहिल्या महायुद्धात माणसं कमी पडली तेव्हा १९१७ साली १११ वी महार पलटण उभी केली. काम झालं, १९२१ साली मोडून टाकली. गरज सरो...

दुसरं महायुद्ध पेटलं, आणि १९४१ साली बाबासाहेब व्हाइसरॉयच्या राष्ट्रीय संरक्षण मंडळावर गेले. महारांची स्वतंत्र रेजिमेंट व्हावी यासाठी ते झटले. १ ऑक्टोबर १९४१ रोजी बेळगावला पहिली बटालियन उभी राहिली. आणि दुसरी कुठं? आपल्या कामठीला, जून १९४२ मध्ये! पुढच्याच महिन्यात, १८ ते २० जुलैला, नागपूरच्या मोहन पार्कात अखिल भारतीय दलित वर्ग परिषद भरली आणि तिथंच शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनचा जन्म झाला. एकीकडे पंधरा-सोळा किलोमीटरवर पोरं कवायत करताहेत, दुसरीकडे शहरात पक्ष उभा राहतो आहे. इतकी वर्षं इतिहास शिकवून या दोन तारखा मी कधी शेजारी ठेवून पाहिल्या नव्हत्या. पाठ्यपुस्तकात १९४२ म्हटलं की ऑगस्टच येतो.

सुभेदार साहेबांचे वडील त्या कामठीच्या बटालियनमधले. मी विचारलं, ‘‘ते का गेले? इंग्रजांसाठी मरायला?’’

ते हसले. ‘‘बाई, इंग्रजासाठी कोणी मरत नसते. बापाले म्या हेच पुसलं होतं. थो म्हणे, पहिले तर पोटासाठी गेलो. मंग बुटासाठी. माह्या बापानं तवापावतर जोडा घातला नव्हता.’’ थोडं थांबून म्हणाले, ‘‘पण एक गोष्ट थो मरेपावतर सांगे. भरतीच्या दिवशी एका बाम्हणाच्या पोरानं, कारकून होता थो, फीत घेऊन त्याची छाती मोजली. हात लावून मोजली. फुगव म्हणे. बापानं फुगवली. कारकुनानं आकडा लिवला. बाप म्हणे, त्या दिवशी म्या पहिल्यांदा पाह्यलं का माहा बी काही आकडा हाये.’’

मी चहाचा कप खाली ठेवला. माझ्या माहेरच्या घरात पाण्याचा वेगळा माठ होता, हे मला आठवलं. मी काही ते सुभेदारांना सांगितलं नाही. त्यांना ते न सांगताही ठाऊक असणार.

त्यांचे वडील फाळणीच्या वेळी पंजाबात होते. महार पलटणी तेव्हा पंजाब सीमा दलात नेमलेल्या. निर्वासितांच्या तांड्यांची राखण करायची. ‘‘तिथी कोणी जात पुसली नाही,’’ असं वडील सांगत. मरणाच्या भीतीनं पळणारा माणूस राखणदाराची जात पुसत नाही, हे खरंच. त्याआधी १९४६ साली या रेजिमेंटचं मशीनगन रेजिमेंटमध्ये रूपांतर झालं. तिचं केंद्र कामठीलाच होतं, पुढं ते सागरला गेलं. नाव महार रेजिमेंटच राहिलं, पण दार सगळ्या जातींना उघडं झालं. याच रेजिमेंटचे मेजर रामस्वामी परमेश्वरन १९८७ साली श्रीलंकेत पडले आणि त्यांना मरणोत्तर परमवीर चक्र मिळालं. तामिळ कुटुंबातला, मुंबईत जन्मलेला माणूस, आणि खांद्यावर ‘महार’ हे नाव! गावकुसाबाहेर ठेवलेलं एक नाव कोणीही अभिमानानं खांद्यावर वागवावं, यात केवढी उलथापालथ आहे याचा विचार मी तरी आधी केला नव्हता.

सुभेदार स्वतः मात्र गार्ड्समध्ये गेले. वडिलांच्या रेजिमेंटमध्ये का नाही, असं मी विचारलं तर म्हणाले, ‘‘जिथी पाठवलं तिथी गेलो. तुमाले वाटते का पोट्टा दुकानातून कापड पसंत करते तशी पलटण पसंत करते?’’ ही बाब आपण शहरी माणसं विसरतो. साधा शिपाई ‘मिलिट्रीत’ जातो. पायदळ, तोफखाना, सिग्नल हे वाटप नंतरचं. पण सोल्जर जनरल ड्यूटी, म्हणजे पोरांच्या भाषेत ‘जीडी’, हा अर्ज भरणाऱ्याला आपण बहुधा कुठं जाणार ते पक्कं ठाऊक असतं. भाच्याच्या अर्जावर तेच होतं.

गार्ड्सची गोष्ट महार रेजिमेंटच्या उलट्या टोकानं सुरू होते. १९४९ साली जनरल करिअप्पांनी ती उभी केली. भारतीय पायदळातली ही पहिली अशी रेजिमेंट, जिच्यात भरती होताना अमुक जातीचा, अमुक प्रांताचा ही अट नव्हती. जुन्या रेजिमेंट्सच्या नामांकित बटालियन घेऊन सगळ्यांना एकत्र मिसळलं. एका रेजिमेंटनं जातीचं नाव उंच धरून मान मागितला, दुसरीनं नावच पुसून टाकलं. मला वाटतं, दोन्हींमागची भूक एकच होती. अर्थात, सैन्यात जातीच्या आणि प्रांताच्या नावाच्या जुन्या रेजिमेंट्स आजही आहेत, आणि त्या ठेवाव्यात की नको हा वाद काही मिटलेला नाही.

गार्ड्सच्या चौदाव्या बटालियनमधले लान्स नायक अल्बर्ट एक्का हे आताच्या झारखंडातल्या गुमला भागातले आदिवासी. डिसेंबर १९७१ मध्ये गंगासागरच्या लढाईत शत्रूच्या मशीनगनवर ते एकटे चालून गेले. जखमी झाले तरी पुढं गेले. दुसरी मशीनगन एका इमारतीतून आग ओकत होती, तीही बंद पाडली आणि तिथंच पडले. परमवीर चक्र. सुभेदार भरती झाले तेव्हा ही गोष्ट ताजी होती आणि प्रत्येक रंगरुटाला ती ऐकवली जाई. मी विचारलं, ‘‘ऐकून भीती नाही वाटली?’’

‘‘वाटली ना! पण एक्का कोणासाठी गेला असंन? नकाशासाठी? बाजूच्या पोरांयवर गोळ्या पडून राह्यल्या होत्या म्हणून गेला. पायदळात सेक्शन असते, दहा जणायचं. तीन सेक्शनची पलटूण, तीन पलटुणीची कंपनी. मोठे साहेब कंपनी पाह्यतात, बटालियन पाह्यतात. शिपायाले फक्त नऊ माणसं दिसतात. रात्री ठाण्यावर उजव्या हाताले कोण हाये, डाव्या हाताले कोण, येवढंच. तोफखान्यात तोफ असते, रणगाड्यात रणगाडा. पायदळात जमिनीवर जाऊन उभं राह्याचं अन् तिथून हालाचं नाही. मंग बाजूचा माणूसच तुमचा रणगाडा.’’

‘‘पण मग तुमच्या नातवाला पाठवाल?’’ हा प्रश्न मी मुद्दाम शेवटाला ठेवला होता.

सुभेदार बराच वेळ गप्प राहिले. आतून सुनेच्या भांड्यांचा आवाज येत होता. मग म्हणाले, ‘‘थो कंप्युटर शिकते. त्याचा आकडा दुसरीकडे हाये आता. त्याले कायले पाठवू?’’

परत येताना बसमध्ये हे वाक्य माझ्या डोक्यात घोळत राहिलं. भाच्याला परतवण्यासाठी गेले होते आणि हाती काय लागलं? ज्याला मोजणारं कोणी नसतं तो तिथं जातो, असं म्हणावं तर आमचा पोरगा काही गावकुसाबाहेरचा नव्हे. कुळवाड्याचं घर, बाग, विहीर, दारात मोटारसायकल. आमच्या घराला कोणी कधी पायरी अडवली नाही. उलट अडवणाऱ्यांतलेच आम्ही. मग याचा कोणता आकडा हरवला होता?

तिसरं उत्तर त्यानं त्या रात्री दिलं. मी कामठीचं सगळं सांगितलं, छातीच्या फितीचंही. तो ऐकत होता. मग म्हणाला, ‘‘आत्या, बाबा बाग कशी विकतात तू पाह्यली आहेस ना?’’

पाहिली होती. आंबिया बहार उतरायच्या आधी व्यापारी येतो. बागेतून एक चक्कर मारतो. चार झाडांकडे मान वर करून बघतो, दोन फळं दाबून बघतो. मग झाडाखाली उभ्याउभ्या सगळ्या बागेचा अंदाज सांगतो. भाऊ म्हणतो जास्त आहे, तो म्हणतो गळ होईल. कधी कोळशी पडलेली असते, कधी डिंक्या लागलेला असतो. वर्षभराचं पाणी, खत, फवारणी, रात्रीची राखण, या सगळ्याची किंमत त्या एका नजरेत ठरते.

‘‘बाबा त्या वेळी त्याच्या तोंडाकडे बघत असतात,’’ तो म्हणाला. ‘‘मी लहानपणापासून बघतो. मला ते बघवत नाही. अन् इथं ग्राउंडवर काय आहे, सोळाशे मीटर. चारशेचे चार राउंड. साडेपाच मिनिटांच्या आत आला तर साठ मार्क. दहा बीम मारले तर चाळीस. नऊ फुटांचा खड्डा. तिथं कोणी अंदाज नाही करत, आत्या. घड्याळ असते.’’

माझ्याकडे यावर उत्तर नव्हतं. मला म्हणता आलं असतं की घड्याळ फक्त ग्राउंडवर असतं. चार वर्षांनी पंचवीस टक्क्यांत कोण बसणार, हे पुन्हा कोणाची तरी नजर ठरवणार. म्हणता आलं असतं की गोळी साठ मार्कवाला आणि अठ्ठेचाळीस मार्कवाला यांत फरक करत नाही. यातलं पहिलं मी म्हटलंही. तो म्हणाला, ‘‘माहीत आहे.’’ दुसरं माझ्या तोंडून निघालं नाही.

भावाला फोन केला आणि सगळं सांगितलं. बागेचंही सांगावं की नाही, याचा मी दिवसभर विचार केला. शेवटी सांगितलं. पलीकडून बराच वेळ काही आवाज नाही. मग ‘‘बरं, ठेवतो’’ म्हणून त्यानं फोन ठेवला. पुढचे आठ दिवस फोन नाही. मला वाटलं, चुकलंच आपलं.

नवव्या दिवशी तो न सांगता आला. मुक्कामी आला, संत्र्याची पिशवी घेऊन. बापलेक रात्री जेवताना पाऊसपाण्याचं बोलले, बहाराचं बोलले. भरतीचा विषय कोणी काढला नाही. मी दोघांच्या मधे ताट घेऊन उगाच इकडून तिकडे करत होते.

पहाटे जाग आली तेव्हा दोन्ही अंथरुणं रिकामी. पोरं हल्ली मानकापूरच्या मैदानाकडे सरावाला जातात, हे मला ठाऊक होतं. तिथल्याच विभागीय क्रीडा संकुलात २०२२ साली अग्निवीरांची भरती झाली होती, तेव्हापासून पोरांना ती जागा शुभ वाटते. मी शाल पांघरली आणि रिक्षा केली. पोचले तेव्हा नुकतं उजाडत होतं. पंधरा-वीस पोरं चकरा मारत होती, तोंडातून वाफा निघत होत्या. कडेला धोतराच्या सोग्यात हात गुंडाळून माझा भाऊ उभा. दुसऱ्या हातात मोबाइल. बाजूच्या कुठल्यातरी पोरानं त्याला त्यातलं घड्याळ लावून दिलेलं. शेवटचा राउंड होता. आमचा पोरगा चौथा की पाचवा आला आणि गुडघ्यांवर हात टेकून वाकून उभा राहिला.

भावानं चष्मा वर सरकवला, आकडा दोनदा वाचला आणि ओरडला, ‘‘पाच-एकोणचाळीस! अजून नऊ सेकंद जास्त होऊन राह्यले बे! उद्या सुरुवात दमानं कर, शेवटी काढ!’’